नाक वर करून पळणाऱ्या गाड्या

सध्या मोबाइलवर एक चित्रफीत फिरते आहे. अमेरिकेतला कुठलासा डांबरी पट्टा, त्यावर 1940 च्या आसपासची गोलमटोल विलीज मोटार, पुढून उचललेली, जणू कुणीतरी जॅक लावून विसरून गेलं आहे. हिरवा दिवा लागतो आणि गाडीची पुढची दोन्ही चाकं हातभर हवेत जातात. खाली प्रतिक्रियांचा पाऊस. एकाने लिहिलं, "काय ताकद असेल इंजिनात!" दुसऱ्याने, बहुधा इंजिनिअर असावा, ठणकावून सांगितलं की ही चित्रफीत बनावट आहे, कारण घर्षणांक (टायरची पकड भागिले त्यावरचा भार) एकापेक्षा जास्त असूच शकत नाही आणि त्याशिवाय एवढं त्वरण मिळणार नाही.

दोघेही चुकले. का चुकले, ते सांगायचा मोह मला आवरत नाही.

आधी ही गाडी काय भानगड आहे ते थोडक्यात. ड्रॅग रेस म्हणजे थांबलेल्या अवस्थेतून सुटून सरळ पाव मैल, म्हणजे 402 मीटर, कोण आधी कापतो याची शर्यत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या पोरांनी हा नाद रस्त्यावरून धावपट्टीवर नेला. 1950 मध्ये सांता आना विमानतळाच्या पट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या, 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. साठच्या दशकात 'गॅसर' नावाचा वर्ग गाजला. साधं पेट्रोल, मूळ मोटारीचं शरीर, आत मोठं इंजिन. स्टोन-वूड्स-कुक या संघाची 1941 ची विलीज तेव्हा घराघरांत माहीत होती. (महिंद्राने मुंबईत ज्यांच्या जीप जोडून मोटारींचा धंदा सुरू केला, तीच ही विलीज कंपनी.) आज अमेरिकेत त्या काळच्या गाड्या पुन्हा बांधून पळवणारे अनेक गट आहेत. तीन अपेक्षांचं भांडण त्यांच्यात कायम चालू असतं: गाडी अस्सल वाटली पाहिजे, चालवणारा घरी परत गेला पाहिजे आणि खर्च पगारदार माणसाच्या आवाक्यात राहिला पाहिजे.

हे भांडण नियमावलीचं नसून बऱ्याच अंशी रबराचं आहे, असं माझं मत आहे. त्यासाठी आधी ते उचललेलं नाक समजून घ्यावं लागेल.

इंजिन मागची चाकं फिरवतं अशी गाडी घ्या. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 2.5 मीटर, वजन पुढेमागे निम्मं निम्मं, गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलं असं धरता येतं तो बिंदू) जमिनीपासून अर्धा मीटर उंच. टायर जमिनीला मागे ढकलतात, जमीन टायरला पुढे ढकलते. ही ढकल लागते जमिनीच्या पातळीवर, पण गाडीचं वस्तुमान तर अर्धा मीटर वर आहे. म्हणून गाडी मागे कलू पाहते, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि तेवढाच मागच्या चाकांवर वाढतो. किती? त्वरण जितकं जास्त आणि गुरुत्वमध्य जितका उंच तितका जास्त, आणि व्हीलबेस जितका लांब तितका कमी.

इथून पुढे खरी मजा आहे. मागच्या चाकांवर भार वाढला की त्यांची पकड वाढते. पकड वाढली की त्वरण वाढतं. त्वरण वाढलं की आणखी भार मागे सरकतो. त्याने पकड पुन्हा वाढते. म्हणजे व्याजावर व्याज. प्रत्येक फेरीतली वाढ आधीच्या वाढीच्या ठरावीक पट असते, आणि ती पट म्हणजे घर्षणांक गुणिले उंची भागिले व्हीलबेस. शाळेतली भूमिती श्रेढी आठवत असेल तर बेरीज लगेच जमेल: एक भागिले, एक वजा ती पट.

आता आकडे घालू. पन्नाशीच्या दशकातलं टायर, घर्षणांक 0.8 धरा. उंची 0.5 मीटर असेल तर पट येते 0.16 आणि गाडीला मिळणारं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या 0.48 पट. तीच गाडी उचलून गुरुत्वमध्य 0.8 मीटरवर नेला तर पट 0.26 आणि त्वरण 0.54. इंजिनाला हात न लावता, एक पैसा अश्वशक्तीवर खर्च न करता, बारा-तेरा टक्क्यांचा फायदा. म्हणूनच त्या काळच्या पोरांनी पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन काढून फेकलं आणि कमानपाट्यांवर बैलगाडीच्या आखासारखा सरळ एक्सल बसवला. त्या ऐटबाज उभं राहण्याच्या मुळाशी टायरची गरिबी होती. तेव्हाचे कित्येक स्लिक (नक्षी नसलेले) टायर म्हणजे जुन्या टायरवर गुळगुळीत रबर चढवलेला माल, आपल्याकडे ट्रकवाले ज्याला रिमोल्ड म्हणतात तसला.

मग टायर सुधारले. नुसते थोडे नाही, आमूलाग्र. आणि इथेच आपला इंजिनिअर मित्र अडकला. घर्षणांक एकपेक्षा कमीच असतो, हा समज आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या लाकूड-लाकूड, लोखंड-लोखंड अशा कोष्टकांतून डोक्यात बसतो. निसर्गात असा काही नियम नाही. कठीण पदार्थ एकमेकांना मोजक्या टोकांवर टेकतात. मऊ, गरम रबर डांबराच्या प्रत्येक खळगीत उतरतं, तिथे रेणूंच्या पातळीवर चिकटतं आणि सरकायची वेळ आली की प्रत्येक खड्याभोवती आकार बदलताना ऊर्जा खातं. स्लिक टायरमध्ये हवाही जेमतेम असते. गाडी सुटताना जवळून पाहिलं तर आधी रिम फिरते आणि टायर जागेवरच थांबलेलं असतं. टायरच्या भिंतीला आडव्या सुरकुत्या पडतात, खालचा भाग लांबलचक पसरतो आणि मग ती सगळी पिळवटलेली ताकद गाडीला पुढे फेकते.

पुरावा हवा असेल तर कागदावर करता येतो. घर्षणांक जास्तीत जास्त एक, असं धरलं तर अख्खं वजन मागच्या चाकांवर घेऊनही त्वरण गुरुत्वत्वरणाएवढंच राहील आणि 402 मीटर कापायला 9.06 सेकंद लागतील. याहून कमी वेळ अशक्य. 1 ऑगस्ट 1964 रोजी न्यू जर्सीतल्या आयलंड ड्रॅगवेवर नामवंत ड्रॅग चालक डॉन गार्लिट्स यांनी ताशी 201.34 मैलांची नोंद केली, तेव्हा वेळ होती 7.78 सेकंद. सूत्र चुकलं नव्हतं, त्यात घातलेला आकडा चुकीचा होता.

आता जुनी उंची आणि नवं टायर एकत्र करा. उंची 0.8 मीटर, घर्षणांक 1.6. पट झाली 0.51, म्हणजे पकड दुप्पट आणि व्याजाचा दरही दुप्पट. गणित गुरुत्वत्वरणाच्या 1.64 पट त्वरण सांगतं, पण तिथवर जायच्या आधीच 1.56 ला पुढच्या चाकांवरचा भार शून्य होतो. हा 1.56 म्हणजे निम्मा व्हीलबेस भागिले उंची, बाकी काही नाही. घर्षणांक या आकड्याच्या वर गेला आणि इंजिन तेवढी ओढ देऊ शकलं, की नाक वर जाणारच. चित्रफितीत दिसलं ते हेच. ताकद लागतेच, पण तीच ताकद 1955 च्या टायरवर घातली असती तर चाकं जागीच गरगरून धूर काढत बसली असती.

सुरक्षेच्या बाजूने पाहिलं तर याहून वाईट गोष्ट आडव्या दिशेला आहे. गाडी वाकडी सरकू लागली की ती घसरेल की उलटेल, हे दोन आकड्यांच्या तुलनेवर ठरतं. चाकांमधलं आडवं अंतर 1.4 मीटर धरलं तर त्याचं निम्मं भागिले उंची येतं 0.875. टायरचा घर्षणांक याहून कमी असेल तर गाडी घसरते, जास्त असेल तर कोलांटी खाते. 0.8 चं जुनं टायर घसरायचं. 1.6 चं नवं टायर उलटवतं. (ही ढोबळ स्थितिगणितं आहेत, सस्पेन्शन आणि हवा यात नाही, पण दिशा बरोबर आहे.) म्हणजे रूप साठ सालचं आणि रबर आजचं, हा जो मेळ बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो साठ सालच्या गाडीपेक्षाही घातक असू शकतो. त्यात पट्ट्यावर चिकट रसायन फवारून पकड आणखी वाढवायची पद्धत. प्रेक्षकांना पुढची चाकं हवेत हवी असतात, आयोजकांना प्रेक्षक हवे असतात. कुणाचं काय बोलणार!

अपशकुनांबद्दल मात्र ही मंडळी जागरूक. अमेरिकी मोटार शर्यतींत हिरव्या रंगाची गाडी अशुभ आणि गाड्यांजवळ शेंगदाणे आणणं त्याहून अशुभ, अशी जुनी समजूत आहे. आपल्या बंपरवरच्या लिंबू-मिरचीला नावं ठेवणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं. हिरव्या गाडीचा गुरुत्वमध्य लाल गाडीएवढ्याच उंचीवर असतो.

सुरक्षेच्या काही बाबतींत अस्सलपणाचा हट्ट कुणीच धरू नये, आणि सुदैवाने फारसा कुणी धरत नाही. क्लच आणि फ्लायव्हील ही त्यातली पहिली. बारा किलोची, 16 सेंटिमीटर त्रिज्येची चकती मिनिटाला 8000 फेरे घेत असेल तर तिच्यात सुमारे 54 किलोज्यूल ऊर्जा असते. एक टनाची मोटार ताशी 37 किलोमीटरने भिंतीवर आदळली तर जेवढी, तेवढीच. फरक एवढाच की ही ऊर्जा चालवणाऱ्याच्या पावलांशी फिरत असते. फेरे दुप्पट झाले की चकतीतला ताण चौपट होतो आणि बिडाला ताण सोसत नाही. जुन्या मोटारीतलं मूळ बिडाचं फ्लायव्हील अशा वेळी फुटून उडायचं. म्हणून आता प्रमाणित पोलादी चकती आणि तिच्याभोवती जाड पोलादी कवच सक्तीचं असतं. बाहेरून ते दिसतही नाही, त्यामुळे गाडीचं जुनेपण कुठे बिघडत नाही.

गार्लिट्स यांनी याची किंमत स्वतः मोजली. 8 मार्च 1970 रोजी लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स पट्ट्यावर गाडी सुटतानाच त्यांच्या ड्रॅगस्टरचा (खास ड्रॅग शर्यतीसाठी बांधलेल्या लांबलचक गाडीचा) गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. तेव्हाच्या रचनेत चालक इंजिनाच्या मागे बसायचा, फुटणारं सगळं त्याच्याच अंगावर. पुढच्या वर्षी त्यांनी इंजिन पाठीमागे असलेली गाडी आणली, ती जिंकू लागली आणि थोड्याच काळात सगळ्यांनी तीच रचना उचलली. जुन्या धाटणीच्या शर्यतींत मात्र इंजिन पुढेच ठेवणारे ड्रॅगस्टर आजही पळतात. तिथे ते कवच, अग्निरोधक पोशाख आणि क्रोममॉली या मजबूत मिश्रपोलादाच्या नळ्यांचा पिंजरा हाच काय तो आधार. पट्ट्याच्या लांबीचंही असंच. चालक स्कॉट कॅलिटा यांच्या 2008 मधल्या शर्यतीतल्या अपघाती मृत्यूनंतर आजच्या सर्वांत वेगवान नायट्रो (नायट्रोमिथेन इंधनावरच्या) गाड्यांचा पल्ला 1000 फुटांवर आणला गेला. जुन्या धाटणीच्या नायट्रो गाड्या बेकर्सफील्डजवळच्या फमोसो पट्ट्यावर पूर्ण पाव मैल, म्हणजे 1320 फूट, धावतात.

राहिला पैसा. इथे एक छोटा नियम फार कामाचा आहे. शक्ती स्थिर धरली तर पाव मैलाचा वेळ हा वजन भागिले शक्ती याच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. उलटं वाचा: वेळ कमी करायचा तर शक्ती घनाच्या हिशोबाने वाढवावी लागते. दहा सेकंदांवरून नऊवर यायला 1.37 पट शक्ती, आठवरून सातवर यायला 1.49 पट. आणि खर्च शक्तीच्याही पुढे धावतो, कारण वाढीव शक्तीबरोबर गिअरबॉक्स, एक्सल, सगळंच बदलावं लागतं. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांतही पायऱ्या आहेत. अशा जुन्या मोटारींपैकी 11.49 सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला रोलबार (गाडी उलटली तर चालकाचं डोकं वाचवणारी पोलादी कमान), 9.99 किंवा त्याहून वेगवान असेल तर पूर्ण पिंजरा आणि चालकाला शर्यतीचा परवाना. प्रमाणित सीटबेल्ट तर दर दोन वर्षांनी नवे घ्यावे किंवा पुन्हा प्रमाणित करून घ्यावे लागतात, वापरले असोत वा नसोत.

यावरचा तोडगा म्हणजे निर्देशांक. वर्गाला एक वेळ ठरवून द्यायची, समजा 10.60 सेकंद, आणि त्याहून लवकर पोचणारा बाद. मग जास्त शक्ती विकत घेऊन उपयोग नाही, सुटण्याची चपळाई आणि गाडीचा नेमकेपणा यावर निकाल. गणिती दृष्टीने सुंदर कल्पना. पण पाहायला थोडी निराशाजनक, कारण शेवटी चालक वेग आवरताना दिसतो आणि साठ साली कुणी वेग आवरत नव्हतं. निर्देशांकवाले आणि 'आधी पोचेल तो जिंकला' वाले यांचं म्हणूनच पटत नाही.

मला विचाराल तर निर्देशांकापेक्षा टायरला बांधा. अरुंद, जुन्या रचनेचं, कडक रबराचं एकच टायर सर्वांना, आणि पट्ट्यावर फवारणी कमी. पकड कमी असली की ठरावीक शक्तीपलीकडचं इंजिन निदान सुटताना तरी नुसता धूर काढतं, त्यामुळे ते घेण्यात पैसे घालायचं निम्मं कारण जातं. सुटतानाचा धक्का कमी, म्हणून एक्सल आणि गिअरबॉक्स टिकतात. आणि उचललेलं नाक पुन्हा कामाला लागतं. शर्यतीवाले यावर म्हणतील की पाव मैलाच्या शेवटी ताशी 200 किलोमीटरला कमी पकडीचं टायर घेऊन बसायची हौस लेखकाने स्वतः करून पाहावी. आक्षेप रास्त आहे. पट्ट्याचा शेवटचा भाग आणि ब्रेक यांचा हिशोब त्याबरोबर नव्याने मांडावा लागेल, आणि चालकाला सरकणारी गाडी सावरता आली पाहिजे. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' होते, तिथे आधुनिक गाड्या येतात, बहुतेकींत चाक घसरू लागलं की संगणक आपोआप शक्ती कापतो. साठ सालच्या विलीजमध्ये ते काम चालकाचा उजवा पाय करतो.