गुडघ्याचं हाड आणि त्यावर बसणारा सांधा

चवथीत गोव्यातल्या घरांत विळीवर बसून नारळ खवणं, पाटावरची पंगत, देवापुढे मांडी, हे सगळं गुडघा भरपूर दुमडल्याशिवाय होत नाही. म्हणून डॉक्टरांनी ‘वाट्या बदलून घ्या’, म्हणजे गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवा, म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, पुन्हा खाली बसता येईल का? शस्त्रक्रियेआधी गुडघा किती दुमडत होता, यावर उत्तर बरंचसं अवलंबून असतं. मात्र बसवलेला सांधा त्या माणसाच्या हाडाला किती जुळतो, हेही तितकंच पाहावं लागतं आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

बर्लिनमध्ये सर्जन थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी 1890 च्या सुमारास हस्तिदंताची बिजागरी गुडघ्यात बसवली. क्षयाने सडलेल्या त्या सांध्यांत जंतुसंसर्ग होता, त्यामुळे ती टिकली नाही. 1950 च्या दशकात स्वीडनच्या वाल्डियस यांनीही बिजागरीच वापरली. पण गुडघा दाराप्रमाणे एकाच आसावर फिरत नाही. दुमडताना मांडीचं हाड नडगीवर घरंगळतं, सरकतं आणि थोडं वळतंही. बिजागरी हे वळण अडवते, मग तो सगळा ताण हाडातल्या खुंटीवर येतो आणि ती सैल होते. सर्जन फ्रँक गन्स्टन यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस हे ओळखून बिजागरी टाकून दिली. 1974 मध्ये न्यूयॉर्कला इन्सॉल, राणावत आणि वॉकर यांचा ‘टोटल कॉन्डायलर’, म्हणजे बिजागरीशिवाय हाडांच्या टोकांवर बसणारा, सांधा आला. आजचे बहुतेक सांधे त्याच धाटणीचे आहेत. यातले राणावत म्हणजे भारतात जन्मलेले चित्तरंजन राणावत, ज्यांनी पुढे पंतप्रधान वाजपेयींचे गुडघे मुंबईत बदलले.

तरीही मापाचा प्रश्न राहिलाच. सुरुवातीचे आकार मोजके होते आणि ते मुख्यतः पाश्चात्त्य हाडांवर बेतलेले. शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचं टोक पुढून मागे मोजतात आणि त्यावरून आकार ठरतो. आता त्याच मापाला हाडाची रुंदी कमी असेल, तर धातूची कड बाजूला बाहेर येते. स्त्रियांमध्ये आणि आशियाई लोकांत हे जास्त आढळतं. कड 3 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त बाहेर राहिली, तर दोन वर्षांनंतरही गुडघा दुखत राहण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते, असं 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. कड लपवायला लहान आकार घेतला, तर दुमडलेला गुडघा सैल पडू शकतो. मोठा घेतला, तर तोच गच्च होतो. चाचणीसाठीचा तात्पुरता भाग बसवल्यावर सर्जन कडेवरून बोट फिरवून पाहतात, ते याचसाठी. नडगीच्या माथ्याचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा मोठा असतो. तिथे नडगीवर बसणारी धातूची थाळी दोन्हीकडे सारखी ठेवली, तर एका बाजूला हाड उघडं राहतं किंवा दुसरीकडे थाळी बाहेर येते. म्हणून आता अरुंद आकार मिळतात, शिवाय डाव्या-उजव्या पायासाठी वेगळ्या, असमान थाळ्याही मिळतात. माझ्या मते या क्षेत्रातली ही खरी प्रगती आहे. जाहिरातीत मात्र धातूचंच नाव मोठं असतं.

पायाचा बाक हा आणखी एक भाग. नडगीचा माथा बहुतेकांमध्ये आतल्या बाजूला साधारण 3 अंश कललेला असतो. जुन्या पद्धतीत तो काटकोनात कापून पाय सरळ करतात. बेल्जियममध्ये 2012 साली आलेल्या पाहणीत सुमारे 32 टक्के पुरुषांचे आणि 17 टक्के स्त्रियांचे पाय मुळातच 3 अंश किंवा जास्त बाकाचे निघाले. तेव्हापासून प्रत्येकाला एकच सरळ रेष लावायची का, हा वाद चालूच आहे.

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती ठरवल्या. कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या सांध्याला तेव्हा 54,720 रुपये, अधिक कर. ही मर्यादा मुख्यतः धातू आणि प्रकारावरून ठरवली होती, मापावरून नाही. म्हणून पणजीत असो वा मडगावात, शस्त्रक्रियेआधी तीन गोष्टी विचाराव्यात: उभं राहून काढलेल्या पूर्ण पायाच्या एक्स-रेवर बाक किती आहे, जो सांधा बसवणार त्या कंपनीत अरुंद आकार येतो का, आणि थाळी डाव्या-उजव्या पायाला वेगळी आहे का.