धान्य कमी पडते म्हणून उपासमार?

"लोकं वाढले, धान्य पुरत नाही, म्हणून उपासमार." पारावर हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो. ते चूक आहे.

जगात वर्षाला सुमारे २८० कोटी टन तृणधान्य पिकते आणि माणसे ८०० कोटी. म्हणजे माणशी रोज जवळपास किलोभर. डाळी, कंद, तेलबिया वेगळ्याच. तरीही २०२३ मध्ये सुमारे ७० कोटी लोक भुकेले होते. या धान्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा जनावरे-कोंबड्यांच्या खाद्यात जातो.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ घ्या. त्यात वीस-तीस लाख माणसे गेली. अमर्त्य सेन यांनी आकडे काढून दाखवले, की तांदूळ १९४१ पेक्षा कमी नव्हता. युद्धकाळात भाव भडकले आणि शेतमजुराची मजुरी तिथेच राहिली. तांदूळ होता, पण त्याच्या आवाक्याबाहेर.

आता आपले वावर बघा. आधी पऱ्हाटीत (कपाशीत) तुरीच्या ओळी, ज्वारी, कडेला बरबटी (चवळी), अंबाडी असे. आता बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन. ते आपण खात नाही (खाऊन बघा एकदा!). तेल गाळून ढेप कोंबड्यांना. घरची तूर गेली, ती किराण्यातून आणायची. रेशनवर महिन्याला माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते, त्याचा आधार होतो, पण डाळ त्यात नसते. सोयाबीनचा भाव पडला, की पहिले वरण पातळ होते. ज्याने चुंगड्या भरून माल विकला, त्याच्याच घरी.