स्नॉर्केलिंग की स्कूबा? मालवणला निघण्याआधी फरक समजून घ्या

लातूर, परभणी, नांदेडकडून सुट्टीत तारकर्ली-मालवण गाठणाऱ्या मंडळींच्या कानावर किनाऱ्यावर पाय ठेवताच दोन नावं पडतात: स्नॉर्केलिंग आणि स्कूबा. पाट्यांवरचे फोटो सारखेच, तोंडावर मास्क अन् भोवती मासे. म्हणून बुकिंग एकाचं आणि अपेक्षा दुसऱ्याची, असं हमखास होतं. मूळ फरक एकच: श्वासाची हवा कुठून येते. बाकी सगळं त्यातूनच निघतं, अगदी परतीच्या प्रवासाची वेळसुद्धा.

स्नॉर्केलिंगमध्ये आपण पाण्यावर पालथे तरंगतो. डोळे आणि नाक झाकणारा मास्क, दातांत धरायची वाकडी नळी, अंगात लाइफ जॅकेट. नळीचं वरचं टोक पाण्याबाहेर असतं, त्यामुळे हवा वरचीच. मग लांब नळी घेऊन खाली का जाता येत नाही? अर्ध्या-पाऊण मीटरखालीच छातीवर पाण्याचा दाब एवढा बसतो की वरची हवा ओढून घेणं अवघड होतं. शिवाय नळी लांब झाली की आपण सोडलेलाच श्वास आपल्या छातीत परत येतो. आखूड नळीतही भराभर, उथळ श्वास घेणाऱ्याला याच कारणानं धाप लागते. सावकाश आणि खोल श्वास घ्या. लाटेचं पाणी नळीत शिरलं तर घाबरून श्वास ओढू नका, जोरात फुंकर मारा. पाणी वरून उडून जातं.

स्कूबात पाठीवर सिलिंडर असतो. त्याला सगळे ‘ऑक्सिजनचा’ म्हणतात, पण आत साधीच हवा असते, साधारण 200 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास दोनशेपट दाबानं भरलेली. रेग्युलेटर ती हवा आपल्या भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतकी करून तोंडात देतो, म्हणून खोलवरही श्वास सहज घेता येतो. बुकिंग करताना विचारून घ्या: सिलिंडर पाठीवर बांधणार, की होडीत ठेवून लांब नळी देणार? किती खोल नेणार, एका प्रशिक्षकामागे माणसं किती? पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी एकास एक हेच योग्य.

विहिरीत पट्टीचा पोहणारा इथं जास्त सावध हवा, आणि हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. विहिरीत सूर मारताना छातीत वरची हवा असते. खाली जाताना ती दबते, वर येताना पहिल्याएवढी होते. दम धरून ठेवला तरी फुप्फुसाला काही होत नाही. स्कूबात 10 मीटर खोलीवर एकूण दाब पाण्याबाहेरच्या दुप्पट असतो आणि तिथं घेतलेली हवाही तेवढ्याच दाबाची. तो श्वास कोंडून वर आलात तर हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. तीन-चार मीटरवरही हा धोका आहेच. म्हणून स्कूबात दम धरायचा नाही, श्वास सतत चालू ठेवायचा. घाबरून झपकन वर येणं याचसाठी घातक.

खाली जाताना पाण्याचा दाब कानावरही येतो. पहिल्या मीटरपासूनच नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबा, कानात ‘टक्’ झालं की पुढं. दुखायची वाट पाहू नका. दुखलंच तर थोडं वर या आणि पुन्हा करा. जोर लावला तर पडद्याला इजा होते. सर्दीनं नाक बंद असेल तर स्कूबा रद्द करा. गोळी खाऊन उतरू नका, तिचा असर पाण्यातच संपला तर वर येताना कान अडकतात. दमा, फिट्स, हृदयविकार, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना न विचारता हो म्हणू नका. दहा वर्षांखालच्या लेकरांना समुद्रात स्कूबाला नेऊ नये. शांत पाण्यात, जॅकेट घालून स्नॉर्केलिंग चालतं.

आणखी एक गंमत. फोटोसाठी अंगठा वर करण्याची सवय खाली विसरा. पाण्यात त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं गोल.

मास्क दोन्हीकडे लागतो आणि सगळ्यात जास्त वैताग तोच देतो. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकानं श्वास ओढा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. भरघोस मिशी असली तर नाकाखालून पाणी झिरपणार, काठाखाली केस अडकल्यासही तेच. नाकानं श्वास सोडलात तर मास्क सैल होतो, तेव्हा श्वास तोंडानंच. काच धुरकट होऊ नये म्हणून आत थुंकी चोळून विसळतात. किळस वाटली तरी करा.

दिसतं काय? सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आणि पट्टेरी मासे. पाणी अंदमानसारखं निळंशार नसतं, हिरवट असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात स्वच्छ. कॅलेंडर बघा: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, ओढ जास्त आणि गढूळपणाही, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी निवांत. पावसाळ्यात दोन्ही बंद. प्रवाळावर उभं राहू नका: ते जिवंत आहे, आणि 1987 पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे.

आमचं मत विचाराल तर, समुद्र पहिल्यांदाच पाहणाऱ्यानं आधी स्नॉर्केलिंग करावं. मास्क आणि तोंडानं श्वास अंगवळणी पडला की दुसऱ्या दिवशी स्कूबा सोपं जातं. सोलापूर-कोल्हापूरमार्गे रात्रभर गाडीत जागून आलेल्यानं सकाळी लगेच स्कूबाला उतरू नये. स्कूबानंतर विमान किंवा उंच घाट यांना निदान 12 तासांचं अंतर ठेवतात, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. परतीच्या वाटेवरची आंबोली समुद्रसपाटीपासून 690 मीटरच्या आसपास उंच आहे. तेव्हा सकाळी स्कूबा आणि संध्याकाळी घाट चढून घरी, असा बेत आखू नका. मुक्काम करून दुसऱ्या सकाळी निघा. स्नॉर्केलिंगला ही अट नाही.