सत्यनारायण घातला तर पोलीस येत नाहीत

आमच्या साताऱ्यात अजून कुणी ना कुणी सांगतंच, की जादूटोणा विरोधी कायदा आला तेव्हापासून पूजा, वारी, कीर्तन सगळं गुन्हा झालंय. साफ खोटं आहे हे. डिसेंबर 2013 मध्ये झालेल्या या कायद्यातच लिहिलंय की प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही, आणि घरात किंवा देवळात, दर्ग्यात केलेली पूजा-प्रार्थनापण, जोवर कुणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही.

मग गुन्हा काय? भूत उतरवतो म्हणून साखळीनं बांधून मारणं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार, करणी केली म्हणून एखाद्या बाईला बदनाम करणं, आणि आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साप, विंचू किंवा कुत्रं चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करत बसणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. विषारी नाग चावला तर प्रतिविषाचं इंजेक्शनच लागतं, त्यात एक-एक तास मोलाचा असतो, आणि भगताकडं गेलेला वेळ परत मिळत नाही.

घाबरलेला माणूस कुणाचंही ऐकतो, त्यात शिकलेला-अडाणी काही नसतं, म्हणून मला त्या घरच्यांचा राग येत नाही, त्यांच्या भीतीवर पैसे काढणाऱ्याचा येतो. या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे, 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला तेव्हा कायदा अजून झालेला नव्हता. असं काही दिसलं तर पोलीस ठाण्यात जा, यासाठी तिथं दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे.