डी-७६ की रोडिनल? फरक सल्फाइटचा

घरी कृष्णधवल फिल्मचे रोल धुवायला लागलेल्यांचा ठरलेला प्रश्न: डी-७६ घेऊ की रोडिनल? दोन्ही डेव्हलपरच, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारी रसायनं, दोन्हींतून निगेटिव्ह निघते, मग स्वस्त पडेल ते उचलावं असं वाटतं. (शेजारी इलफर्डचं आयडी-११ दिसलं तर गोंधळू नका. ते जवळपास डी-७६च, फक्त वेष्टन निराळं.)

खरी मेख सोडियम सल्फाइटमध्ये आहे. एक लिटर डी-७६ मध्ये मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि सल्फाइट तब्बल १०० ग्रॅम. एवढं सल्फाइट द्रावण टिकवण्यापुरतं नसतं. फिल्मवरच्या चांदीच्या कणांच्या कडाही ते किंचित विरघळवतं. म्हणून ग्रेन, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, बारीक आणि मऊ दिसतो.

रोडिनल मुळात आग्फाचं, १८९१ सालचं, पॅरा-अमिनोफेनॉलवर चालणारं. गडद द्रव असतो, तो १+२५ किंवा १+५० (एक भाग औषध, २५ किंवा ५० भाग पाणी) असा पातळ करायचा. एवढ्या पाण्यात सल्फाइट नावापुरतं उरतं, त्यामुळे कडा शाबूत राहतात, ग्रेन ठसठशीत उमटतो आणि चित्र धारदार वाटतं. रोडिनल ग्रेन वाढवतं अशी ओरड असते, पण मला ती फारशी पटत नाही. असलेला ग्रेन ते झाकत नाही, एवढंच. ३५ मिमीच्या ४०० स्पीडच्या (प्रकाशाला जास्त संवेदनशील) फिल्मवर सपाट आभाळ असेल तर मात्र हे न झाकणं चांगलंच डोळ्यांवर येतं. शिवाय सावल्यांतला तपशील थोडा कमी मिळतो; अशी फिल्म २५० स्पीडची समजून एक्स्पोज केलेली, म्हणजे थोडा जास्त प्रकाश दिलेली, बरी. म्हणून ३५ मिमीच्या एचपी५ला (इलफर्डची ४०० स्पीडची फिल्म) मी डी-७६ देईन आणि १२० च्या, म्हणजे रुंद रोलच्या, कमी स्पीडच्या फिल्मला रोडिनल.

मधली वाटही आहे. डी-७६ पाण्यात १+१ केलं की सल्फाइट लिटरला ५० ग्रॅमवर येतं, धार थोडी वाढते. वेळ अर्थातच वाढते आणि ते द्रावण एकदा वापरून फेकायचं.

पाकीट अर्धं विरघळवून अर्धं ठेवायचा मोह डी-७६ बाबत टाळा. पावडरमधले घटक सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. सगळं एकदम ५० ते ५५ अंशांच्या पाण्यात विरघळवा आणि गार होऊ द्या. काठोकाठ भरलेल्या बाटलीत ते सहाएक महिने टिकतं, अर्ध्या बाटलीत दोनच. रोडिनल वर्षानुवर्षं टिकतं. काळंकुट्ट झालं तरी काम करतं. महिन्याला जेमतेम एक रोल धुणाऱ्याला हाच हिशोब परवडतो: १+५० ला ३०० मिली पाण्यात ६ मिली, तेही सिरिंजने मोजून. हातमोजे घाला, त्यात कॉस्टिक असतं.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच ३० अंशांच्या वर जातं आणि वेळेचे तक्ते बहुतेक २० अंशांचे. डी-७६ सरळ स्टॉक, म्हणजे आणखी पाणी न घालता, वापरायचं तर अख्खी बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवावी लागते. रोडिनलमध्ये जवळजवळ सगळं पाणीच असल्याने फ्रिजमधलं आणि नळाचं पाणी मिसळून थर्मामीटरवर २० आणायचं, मग औषध टाकायचं. टँक (फिल्म धुवायचा डबा) मात्र दोन्ही वेळा गार पाण्याच्या घमेल्यातच उभी ठेवा.