हवाई अंतर आणि प्रवासवेळ

दोन विमानतळांमधले, पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर म्हणजे हवाई अंतर. पृष्ठभागावरच्या ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो ते बृहद्‌वृत्त. हे अंतर त्याच्याच कमानीवर मोजतात. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात दोरा ताणून धरावा. दोरा अरबस्तान-आफ्रिकेकडे वळत नाही. तो उत्तरेला चढतो, ६० अंश अक्षांश ओलांडतो आणि मग न्यूयॉर्ककडे उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट वळशाची दिसते, पण जवळची तीच. ही गोष्ट मुलांना नकाशावर सांगून पटत नाही, दोरा हातात दिला की लगेच पटते.

या कमानीने पृथ्वीच्या मध्याशी केलेला कोन कळला की अंतर निघते. एका अंशाला सुमारे १११ किमी. मुंबई-न्यूयॉर्क कोन जवळजवळ ११३ अंशांचा, म्हणून अंतर सुमारे १२,५०० किमी. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किमी, वैमानिक याच एककात बोलतात.

वेळेचे गणित मात्र निव्वळ भागाकाराने सुटत नाही. प्रवासी जेट विमान उंचीवर ताशी ८५० ते ९०० किमी वेगाने जाते. पुणे-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१६० किमी, म्हणजे दीड तासही लागू नये. वेळापत्रकात दोन तासांहून अधिक वेळ असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरणे आणि उतरण्यासाठी आकाशात थांबणे, हे सारे त्यात धरलेले असते. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतच्या या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळे लंडनहून मुंबईला येताना जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो. कधी आकाशच बंद असते: एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली आणि पश्चिमेकडच्या अनेक उड्डाणांना वळसा पडला.

सातारा-सांगलीकरांसाठी यात आणखी एक हिशेब येतो. कऱ्हाडला छोटी धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमानसेवा दोन्ही जिल्ह्यांत नाही. सांगलीला कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ जवळ, पन्नासएक किलोमीटरवर. साताऱ्याला पुण्याचे लोहगाव. खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशभर विखुरले आहेत, त्यांच्या घरी हा हिशेब तोंडपाठ असतो. लोहगावहून विमान धरायचे तर सांगलीहून तिथे पोचायला साडेचार-पाच तास, वाटेत कुठे खंबाटकी घाटात गाड्या तुंबल्या तर जास्तच. विमानतळावर दोन तास आधी हजर राहायचे. दिल्लीच्या प्रवासात घर सोडल्यापासून नऊ-दहा तास जातात आणि हवेतले त्यातले जेमतेम दोन. तिकिटावर छापलेली वेळ या दोन तासांचीच असते, म्हणून गावाकडून निघणाऱ्याने गाडी ठरवताना रस्त्याचे तास आधी मांडावेत.