किंडरहूक : राज्य गेलं, घरं डचच राहिली

न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या पूर्वेला किंडरहूक हे सुमारे १,२०० वस्तीचं गाव आहे. हा मुलूख मूळचा मोहिकन या मूळनिवासी लोकांचा. १६०९मध्ये हेन्री हडसन डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून या नदीत आला. (याच कंपनीची वखर पुढे आपल्या वेंगुर्ल्यातही होती.) मागोमाग डच शेतकरी आले. पण १६६४मध्ये इंग्रजांनी ही वसाहत घेतली.

तरीही गाव डचच राहिलं, आणि त्याचं मोठं कारण शरणागतीच्या करारात आहे. डच रहिवाशांना आपला धर्म आणि वारसाहक्काच्या आपल्या रीती राखण्याची मुभा त्यात होती. जमिनी जुन्या घराण्यांकडे राहिल्या, चर्चही डच रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथाचंच राहिलं. त्यामुळे ल्यूकस व्हॅन ॲलन यांनी १७३७ साली, म्हणजे डच सत्ता जाऊन ७३ वर्षांनी, विटांचं घर बांधलं तेही पूर्ण डच वळणाचं. छप्पर तीव्र उताराचं. दारं मधोमध आडवी दुभागलेली. वरचा भाग उघडला की उजेड-वारा आत येतो, खालचा लावून ठेवला की जनावरं बाहेरच राहतात. शेकोटीला दोन्ही बाजूंना भिंती नाहीत, आग मागच्या भिंतीपाशी उघडीच पेटायची. हे घर आजही उभं आहे.

अशा घरांमधली आणि शेतांवरची कष्टाची कामं बऱ्याच अंशी गुलामांवर होती, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. मालकांची डच भाषा त्यांच्याही तोंडी असे. नदीपलीकडच्या अल्स्टर काउंटीत गुलामगिरीत जन्मलेल्या आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रुथ लहानपणी फक्त डच बोलत. न्यूयॉर्कमधली गुलामगिरी १८२७मध्ये संपली. किंडरहूकमध्ये कृष्णवर्णीयांची दफनभूमीही वेगळी होती. आज त्या जागी बाग आहे.

मार्टिन व्हॅन ब्युरेन याच गावचे. १७८२मध्ये खानावळ चालवणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. त्या घरातही गुलाम होते. पुढे ते अमेरिकेचे आठवे अध्यक्ष झाले. मातृभाषा इंग्रजी नसलेले ते पहिले अध्यक्ष. पत्नी हॅना याच गावच्या, त्याही डचभाषक. १८३९मध्ये व्हॅन ब्युरेन यांनी गावाजवळ घेतलेलं ‘लिंडनवॉल्ड’ हे घर आता राष्ट्रीय स्मारक आहे आणि पर्यटकांची पावलं आधी तिकडेच वळतात. गाव समजून घ्यायचं असेल, तर मी म्हणेन, आधी व्हॅन ॲलन यांचं घर पाहावं.